अठ्ठ्याण्णव सालची एक नंबर कॅसेट

मलकापूर,
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामांस,
प्रसेनजितचा सविनय जयभीम. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, माझा मोबाईल वारला.

हर्षलभाऊंच्या डीजेच्या गाडीवर मी सध्या आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या आठवड्यात एका लग्नात बेसचा डबा उतरवताना मोबाईल खिशातून पडला आणि डबा त्याच्यावर बसला. आता तो पापडासारखा झालाय, फक्त तळायचा बाकी आहे. हर्षलभाऊंनी धावत येऊन आधी डब्याला काही लागलं का ते पाहिलं. तेव्हा नवा घेईपर्यंत पत्रच. तुमची तर सोयच झाली. जन्मभर साखरखेर्ड्यात लोकांची पत्रं वाटली, आणि रिटायर झाल्यावर तुम्हाला कोणी लिहीना, म्हणून तुम्ही विजेचं बिल दोनदा वाचता असं मामी सांगत होत्या.

मी बरा आहे. मलकापूरहून रेल्वेने कुठेही निघून जाता येतं आणि तरी मी कुठे गेलो नाही, याची नोंद घ्यावी. याआधी हार्वेस्टरवर होतो, त्याआधी ढाब्यावर, त्याआधी त्या बोअरच्या गाडीवर, जिचा ड्रायव्हर कोरडं भोक लागलं की लेकरासारखा रडायचा. एकदा तर देऊळगावच्या पुढे त्याने शेतमालकालाच मिठी मारली आणि, जाऊ द्या, ते मग कधी. सांगायचं काय, तर इथे मी दिवाळीपासून टिकून आहे. मामीला म्हणावं पेढे वाटा.

आता मुद्दा. मला लग्न करायचंय. मुलगी चिखलीची, नाव काजल. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. मला ताप आला तेव्हा तिने सुई काढली आणि मी फरशीवर आडवा झालो. तोंडावर पाणी मारून मला विचारते की एवढ्या मोठ्या आवाजात राहतो अन् एवढ्याशा सुईले भेतो काऊन. तेव्हापासून माझी तब्येत दर आठवड्याला बिघडते.

मामा, इथे जरा बसून घ्या. ती भगवंतराव ड्रायव्हरची मुलगी आहे. हाव, तेच भगवंतराव.

आई-बाबा गेल्यावर मला तुम्ही वाढवलं. बैठकीला तुम्ही नाही आले तर तिचे वडील मला दारात उभं करणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही, माझा धंदा पाहता मीही केलं नसतं. तर एवढं करा. या, बसा, चहा घ्या, आणि त्या बैठकीत अठ्ठ्याण्णव साल काढू नका. सत्त्याण्णव काढा, नव्व्याण्णव काढा, पानिपत काढा. तेवढं एक साल सोडा.

मामीला जयभीम. लोभ वाढवला नाही तरी चालेल, या पत्रामुळे कमी करू नये.
आपला भाचा,
प्रसेनजित


साखरखेर्डा,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजित यास,
नागसेनमामाचे अ. उ. आ. पत्र पावले. तिकीट तिरपे लावले आहेस आणि पिन कोडातला एक आकडा खाल्ला आहेस. तरीही पत्र आले, ही खात्याची पुण्याई.

लग्न करतोस, आनंद आहे. जिल्ह्यात तेरा तालुके, गावोगाव मुली, लॅबासुद्धा पुष्कळ, आणि तुला ताप आला तो नेमका त्या घराजवळ. तुझ्या नजरेची तारीफ करावी तेवढी थोडी.

साल काढू नका म्हणतोस. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास, म्हणून असे बोलू शकतोस. अठ्ठ्याण्णवसारखे साल भीमगीतांना पुन्हा आले नाही. जयंतीच्या आधी आपल्या भागात चार कॅसेटी निघाल्या. कडूबा शाहिरांची 'कोटाच्या खिशाला पेन' ही एक नंबर. दुसरा नंबर मी रिकामा ठेवला आहे, कारण त्या कॅसेटीच्या शेजारी कोणी बसू नये. तिसरी आणि चौथी ठीक, ढोलकीवाल्याला घाई फार. आणि त्या सिंधूताईची 'पिंपळ सळसळला' ही पाचवी. तू म्हणशील, निघाल्याच चार. बरोबर. तरी ती पाचवी.

भगवंता माझा मित्र होता. तो चिखलीची एस.टी. घेऊन यायचा आणि मी टपालाची थैली त्याच्या केबिनमध्ये ठेवायचो. छापील कॅसेट तेव्हा कोण विकत घेत होते? कोरी न्यायची आणि दुकानातून भरून आणायची, ही पद्धत. आम्ही दोघे एकाच संध्याकाळी चिखलीला गोविंदाच्या दुकानात गेलो. मी कडूबा भरून घेतले, त्याने सिंधूताई. दोस्तीने गेलो, दोस्तीने आलो. मग जयंतीला त्याने आपली कॅसेट भोंग्यावर लावली. पहिली बाजू बाईने म्हटली, लेकरे झोपली. दुसरी बाजू लावली आणि माझ्या कानाचे केस उभे राहिले. आवाज कडूबांचा! पोटातून येणारा, आधी धमकावणारा आणि मग रडवणारा. म्हणजे या बाईला अर्धी कॅसेट भरायला गाणी पुरली नाहीत, तर दुसऱ्याचा शाहीर उचलून चिकटवला. मी माईकवर जाऊन शांतपणे सांगितले की सिंधूताई चोर आहे. तर हा माईक ओढून म्हणतो की चोर तुझा कडूबा, त्याच्या दुसऱ्या बाजूला आमची सिंधूताई गाऊन राह्यली! मी त्याला समजावले की लेका, ती कडूबांची बायको आहे, आणि तुझ्या सिंधूताईने तिची नक्कल करायला अजून दहा जन्म घ्यावेत. आपल्यात जन्म एकच, हे तेव्हा रागात ध्यानात राहिले नाही. तो म्हणे, त्याच्या कॅसेटीत जो गातो तो सिंधूताईचा भाऊ आहे. भाऊ म्हणे!

त्यानंतर तो रिटायर होईस्तोवर थैली दिली-घेतली, शब्द नाही. थैली दोन बोटांनी धरायचा, जणू मेलेला उंदीर.

तुझ्यासाठी बैठकीला येईन. चहा घेईन. पण कोणी काही विचारले तर खोटे बोलणार नाही. मामीला फार आनंद झाला आहे, तिला संगीतातले काही कळत नाही.

प्रकृतीस जपावे, विशेषतः कानांस. आहे तसा जिव्हाळा राहो.
तुझा मामा,
नागसेन


चिखली,
४ मार्च २०२५

प्रिय प्रसेनजित,
जयभीम. तुझं पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं. डॉक्टरांनी कोणाचा तरी रिपोर्ट समजून ते उघडलं, आणि पेशंट गंभीर आहे एवढं बोलून माझ्याकडे दिलं. पुढचं पाकीट जरा जाड घे.

पप्पांना तुझ्याबद्दल सांगितलं. मुलगा काय करतो म्हणाले. डीजेवर आहे म्हटलं, गप्प राहिले. शिक्षण किती म्हणाले. बारावीला बसला होता म्हटलं, तरी गप्प. मला वाटलं काम झालं. मग कोणाचा कोण ते विचारलं, आणि मी साखरखेर्ड्याच्या नागसेन पोस्टमनचं नाव घेतल्याबरोबर त्यांनी पंखा बंद केला. आमच्याकडे पप्पा पंखा बंद करतात तेव्हा भाषण असतं.

भाषण तुला पाठ असेलच, फक्त नावं उलटी कर. एक नंबर सिंधूताई, दोन नंबर रिकामा, कडूबा कुठेच नाही. कडूबा शाहीर ओरडतो, त्याला गाणं म्हणत नाहीत, ते बैल हाकलणं झालं. मी म्हटलं की पप्पा, तुमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचा माणूसही ओरडतोच की. तर म्हणे, हॅट, तो सिंधूताईचा भाऊ, त्याच्या ओरडण्यात करुणा आहे. मी लहानपणापासून त्या भावाच्या आवाजावर उठले, मला तर ते बैल हाकलणंच वाटायचं.

तर त्यांची अट ऐक. नागसेनमामांनी आमच्या अंगणात यावं आणि चार माणसांसमोर म्हणावं की सिंधूताईने चोरी केली नव्हती. मग मुलगा डीजेवर असो की झाडावर असो, पप्पांना चालेल. नाहीतर तीस तारखेला वाशिमचे लोक येणार आहेत. मुलगा कारकून आहे. गाणी ऐकतो का, हे पप्पांनी सगळ्यात आधी विचारलं. वेळ नसतो म्हणाला. पप्पांना तो फार आवडला. म्हणाले, असा जावई घरात असला की भांडणाला जागाच नाही.

तुझ्या मामांना तयार कर. आणि दर आठवड्याला रक्त द्यायला येणं थांबव, तुझं हिमोग्लोबिन खरंच उतरलंय.

कळावे, आणि कळूनही वळावे.
काजल


मलकापूर,
१० मार्च २०२५

आदरणीय मामांस,
सविनय जयभीम. वि. वि. हे पत्र जेवण झाल्यावर वाचा. मामीला जवळ बसवा. पिन कोड या वेळी पूर्ण आहे.

परवा महिला दिनाचा कार्यक्रम होता, साउंड आमचा. सूत्रसंचालन करणारे सर आले नाहीत, म्हणून हर्षलभाऊंनी माईक माझ्या हातात दिला. म्हणे तू फुकटचा बोलतोसच, आज कामाचं बोल. मी बरा बोललो. मध्येच मलकापूरच्या रेल्वे फाटकाचा किस्सा सांगितला, त्याचा कार्यक्रमाशी संबंध नव्हता, पण बायका हसल्या. प्रमुख पाहुण्या कोण, तर सिंधूताई. हाव, पाच नंबरवाल्या. पांढरी साडी, चष्मा, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसूनच गायल्या. आणि काय गायल्या? तुमच्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूचं गाणं. ते, आई मिरच्या खुडायला जाते अन् लेकीला शाळेत पाठवते, अन् संध्याकाळी लेक तिचा तिखटाचा हात धरून पाटीवर तिचं नाव गिरवून घेते. जे लागलं की तुम्ही मामीला फोडणी थांबवायला लावता.

मला वाटलं, वा! गाणं संपल्यावर मी माईकवर म्हणालो की, सिंधूताईंनी मन मोठं करून कडूबा शाहिरांच्या पत्नीचं गाणं आज गायलं, आणि जवळपास तिच्याएवढंच चांगलं गायलं.

मामा, बेसचा डबा माझ्यावर पडला असता तर बरं झालं असतं.

सिंधूताईंनी शांतपणे माईक मागून घेतला. म्हणाल्या की कडूबादादा जन्मभर बिनलग्नाचे राहिले, ही बायको या पोराने कुठून आणली ते त्यांनाही ऐकायला आवडलं असतं. सगळा मंडप हसला. त्या मात्र मला रागावल्या नाहीत. घरी नेलं, चहा दिला, आणि कपाटातून दोन्ही छापील कॅसेटी काढून लावून दाखवल्या. त्यांच्या कॅसेटीवर दोन्ही बाजूंना त्याच. कडूबांच्या कॅसेटीवर दोन्ही बाजूंना कडूबाच. त्यांना भाऊ नाही. एक बहीण आहे, तिला सूर धरता येत नाही म्हणे. दर जयंतीला कडूबा आपली पहिली कॅसेट सिंधूताईंना द्यायचे आणि त्या आपली त्यांना. शाहीर वारले तेव्हा मयतीला त्याच गायल्या. ज्यांच्या नावाने तुम्ही दोघं भांडले, ते दोघं एकमेकांच्या घरी जेवत होते.

काल गाडी चिखलीवरून गेली तेव्हा गोविंदाकडे उतरलो. तो आता मोबाईलची कव्हरं विकतो. मी विचारलं तर पोट धरून हसला. म्हणाला, जयंतीच्या आधी एवढी गर्दी, दोन मशिनी शेजारी शेजारी, एकीत कडूबा फिरायचे, एकीत सिंधूताई. बाजू पलटायला दोन्ही कॅसेटी काढायच्या अन् घाईत या मशिनीतली त्या मशिनीत जायची. त्या साली किती जणांचं असं झालं त्याचा हिशेबच नाही, पण भांडले ते तुम्ही दोघंच.

म्हणजे तुमच्या कॅसेटीत पहिली बाजू कडूबा, दुसरी सिंधूताई. भगवंतरावांच्यात पहिली सिंधूताई, दुसरी कडूबा. चोरी कोणीच केली नाही.

आता भगवंतरावांची अट एवढीच आहे की तुम्ही त्यांच्या अंगणात येऊन हे म्हणावं. तीस तारखेला वाशिमचे येणार आहेत, त्याआधी या. खरं बोलेन म्हणाले होते ना, तर हे घ्या खरं.

राग माझ्यावर काढा, लोभ तेवढा बाजूला ठेवा.
प्रसेनजित


साखरखेर्डा,
१५ मार्च २०२५

चि. प्रसेनजित यास,
आ. वि. पत्र पावले. कथा छान आहे. डीजे सोडून लेखक होण्याचा विचार असेल तर कळव.

गोविंदाचे काय घेऊन बसलास. त्याला तेव्हाही काही आठवत नव्हते. मी कडूबा मागितले की शंभरदा विचारायचा, कोणते कडूबा. अशा माणसाच्या आठवणीवर मी माझी दुसरी बाजू सोडू? कडूबांचे लग्न झाले नव्हते, हे सिंधूताई म्हणतात. त्या म्हणणारच. उद्या म्हणतील नागसेन पोस्टमन नव्हता.

ते पाटीचे गाणे मी जेवढ्या वेळा ऐकले तेवढे सिंधूताईने स्वतः गायले नसेल. त्या बाईच्या आवाजात जी ओल आहे ती सिंधूताईच्या आवाजात नाही. हे मी जाहीर सभेत सांगितले आहे, आणि एकदा नाही, वर्षानुवर्षे, प्रत्येक जयंतीला. तेव्हा आता मी अंगणात उभे राहून काय म्हणावे अशी तुझी अपेक्षा आहे?

मी बैठकीला येणार नाही. तुझे तू पाहा. मोठा झालास, माईकवर बोलतोस.
नागसेन

ता. क. मी वच्छला, तुही मामी, लिहून राह्यली. यायनं हे लिहून पाकीट माह्याजवळ दिलं अन् आत जाऊन बसले. तुहं पत्र आल्यापासून हे तेच गाणं लावते, संपलं की मागं फिरवते, पुन्हा लावते. पंखा बंद, बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. काल भाकर थंडी झाली तरी उठले नाही. मी म्हटलं डोळ्यात काय गेलं, तर म्हणे फोडणीचा धूर. चूल पेटलीच नोती. तू बोलावू नको यायले आता. राहू दे थोडं. जयभीम.


मलकापूर,
१९ मार्च २०२५

प्रिय काजल,
जयभीम. पाकीट जाड घेतलंय, डॉक्टरांना नमस्कार सांग.

सिंधूताईंची भेट, ती दोन मशिनींची भानगड अन् मामांचं उत्तर, हे सगळं तुला मागच्या पत्रात कळवलंच होतं. आता त्याचा पश्चात्ताप चालू आहे. खरं बोललो आणि बैठक गेली. गप्प राहिलो असतो तर मामा निदान चहाला आले असते. मला वाटलं की चूक दुकानाची आहे म्हटल्यावर माणूस हसेल, पाठीवर थाप मारेल, अन् म्हणेल की बरं झालं बे. तसं झालं नाही. मी त्यांच्याकडून भांडण काढून घ्यायला गेलो आणि गाणंच काढून घेतलं. मामी लिहितात की ते जेवत नाहीत नीट. मामा कोणाच्या मयतीलाही दोन भाकरी खातात.

हर्षलभाऊंनी उपाय सुचवला की तेच मामा म्हणून बैठकीला येतात, कोट आहे त्यांच्याकडे. मी नाही म्हटलं. तुझे पप्पा ओळखतीलच, आणि नाही ओळखलं तरी लग्नात खरे मामा कुठे बसवायचे? भाऊ म्हणाले, साउंडवर बसव.

हार्वेस्टरवाल्यांचा निरोप आलाय. पंजाबात मशीन जाणार आहे, गव्हाला चल म्हणतात. आधी असा निरोप आला की मी पिशवी भरूनच वाचायचो. पंजाबात म्हणे ढाब्यावर लोण्याचा गोळा फुकट, अन् सरदारजी ड्रायव्हर ट्रकला नवरीसारखं सजवतात, ते एकदा पाहायचंच आहे मला. पण मी नाही सांगितलं. तीस तारखेपर्यंत मी इथून हलत नाही. वाशिमचा कारकून आला तर आला.

तुझ्या पप्पांना हे सगळं सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्याकडून एक माणूस आजारी पाडून झाला, दुसऱ्याची जबाबदारी घ्यायची हिंमत नाही. आणि हो, मी कॅसेट ऐकली आहे आता. तुझ्या पप्पांना म्हणावं, सिंधूताई एक नंबर आहेत. मामांना सांगू नको.

हिमोग्लोबिनसाठी गूळ-शेंगदाणे चालू केलेत.
तुझा,
प्रसेनजित


साखरखेर्डा,
२८ मार्च २०२५

चि. प्रसेनजित यास,
अ. उ. आ. वि. मी काल चिखलीला जाऊन आलो. तुझ्या मामीला बाजाराला जातो म्हणून सांगितले. पिशवीत कॅसेट घेतली आणि वरून एक पालक घेतला, दिसायला.

भगवंताचे घर मला माहीत होते. एवढ्या वर्षांत किती तरी वेळा त्या गल्लीतून गेलो आणि दुसरीकडे पाहिले. त्या घराच्या बाबतीत माझ्या मानेला सवयच लागली आहे. तो अंगणात बसला होता. मला पाहून उठला नाही, पण खुर्ची पायाने पुढे ढकलली. मी बसलो. चार माणसे जमवू का म्हणाला. मी म्हटले जमव. मग दोघेही तसेच बसलो, कोणी उठेना. मग मीच म्हणालो की भगवंता, सिंधूताई चोर नव्हती. मी तिला चोर म्हटले, तिच्याच आवाजाला चांगले म्हणून तिलाच वाईट म्हटले, असा कान माझा. त्याने खाली पाहून सांगितले की त्याच्या पोरीने त्याला चार दिवसांपूर्वीच सगळे सांगितले आहे. कडूबांना बैल हाकलणारा म्हणत होतो, तो म्हणाला, अन् रोज सकाळी त्याच्याच आवाजावर दाढी करत होतो.

त्यानंतर तो आत गेला आणि टेप घेऊन आला. पट्टा बदललाय, बाकी तोच.

आधी त्याची पहिली बाजू लावली. प्रसेनजित, ती मी आयुष्यात एकदाच ऐकली होती, भोंग्यावर, लेकरे झोपली म्हणत. आता नीट ऐकली. पहिलेच गाणे पिंपळाच्या पानाचे आहे. वारा नाही तरी पान हलते, आणि ती बाई ते पान आवाजाने हलवते, ढोलकी नाही, फक्त पेटी आणि मागे एक टाळ. मला पाटीचे गाणे सगळ्यात मोठे वाटायचे. ते त्या कॅसेटीतले शेवटचे आहे रे. त्याच्या आधीचा सगळा रस्ता मला माहीतच नव्हता. सत्तावीस वर्षे मी एका बाईला शेवटच्या स्टँडवर भेटलो आणि समजलो की ती तिथलीच.

मग माझी पहिली बाजू लावली. भगवंताने कडूबांची सुरुवात कधी ऐकलीच नव्हती. तो खिशाच्या पेनाचा पोवाडा लागला आणि हा ड्रायव्हर, ज्याने घाटात कधी ब्रेकवर पाय थरथरू दिला नाही, तो टेपवर हात ठेवून बसला, जणू टेप पळून जाईल. संपल्यावर म्हणाला की नागसेन, हे तू माझ्यापासून लपवून ठेवलं बे. मी म्हटले की मी रोज भोंग्यावर लावत होतो. तो म्हणाला, तेव्हा मी कान बंद करत होतो.

दुपारी पोरीने पिठलं-भाकर वाढली. संध्याकाळी पुन्हा दोन्ही लावल्या. आता भगवंता म्हणतो की खरे म्हटले तर अठ्ठ्याण्णवचा एक नंबर कडूबाच. मी त्याला सांगितले की अजून कान पिकला नाही तुझा, सिंधूताईच्या पुढे कडूबा म्हणजे दाराशी उभा असलेला माणूस. त्यावरून थोडे वाजले. शेवटची जीप पकडून आलो. पालक तिथेच राहिला.

घरी आल्यावर तुझ्या मामीने विचारले की लग्नाचे काय ठरले. तेव्हा आठवले. त्याबद्दल आम्ही दोघांपैकी कोणी काहीच बोललो नाही.

तुझ्या मामीने हे वाचले आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही. तू तरी बोल.
तुझा मामा,
नागसेन


चिखली,
१ एप्रिल २०२५

प्रिय प्रसेनजित,
जयभीम. आज एक एप्रिल आहे, तरी हे खरं आहे, तारीख पाहून फाडू नकोस.

वाशिमचे लोक परवा आले नाहीत. मीच त्या कारकुनाला फोन करून सांगितलं की आमच्या घरी दिवसभर गाणी चालतात, आणि तुम्हाला वेळ नसतो. बिचाऱ्याला फार सुटल्यासारखं वाटलं, आभारही मानले. पप्पांना रात्री सांगितलं. मला वाटलं पंखा बंद होईल. पप्पा म्हणाले, कोण वाशिमचे?

मग मी स्पष्टच विचारलं, की नागसेनमामांच्या भाच्याचं काय ठरवलं. तर माझ्याकडे असे पाहतात जणू मी रोज उगवणाऱ्या सूर्यासाठी परवानगी मागते. म्हणाले, त्यात विचारायचं काय, नागसेनचं पोर म्हणजे आपल्याच घरचं, ते तर केव्हाच ठरलंय. केव्हा ठरलं म्हटलं, तर हात हलवून टेपकडे वळले. मामा आज पुन्हा आले आहेत, या वेळी मामींना घेऊन, आणि मामींनी आल्या आल्या टेपची वायर काढून कमरेला खोचली. आधी तारीख, मग गाणं म्हणाल्या. दोघंही घाबरून पंधरा मिनिटांत मे महिन्यावर एकमत झाले. लग्नात साउंड हर्षलभाऊंचा आणि गाणी या दोघांची, एवढ्यावरून आत आरडाओरडा चाललाय. पप्पा कडूबांसाठी भांडतायत आणि तुझे मामा सिंधूताईंसाठी. मला वाटतं मरेपर्यंत पुरेल एवढं सामान त्यांना मिळालंय.

म्हणजे बघ, माझं लग्न कॅसेटीवरून मोडत होतं आणि कॅसेटीवरूनच जमलं. पप्पांनी अट घातली, मामांनी ती पाळली, मामींनी तारीख काढली, सिंधूताईंनी चहा पाजला, हर्षलभाऊ तर मामा व्हायलाही तयार होते. तुझी सगळी पत्रं मी आज पुन्हा काढून वाचली. मोबाईल आहे, बोअरचा ड्रायव्हर आहे, पंजाबचं लोणी आहे. काजल, तू माझ्याशी लग्न करशील का, हे एकाही पत्रात नाही.

आता ते पत्रातून लिहू नकोस, डॉक्टर उघडतील. गुरुवारी माझी सुट्टी आहे. चिखलीला ये आणि तोंडाने विचार. उत्तर काय देणार ते मला माहीत आहे, पण तू विचारल्याशिवाय मी ते देणार नाही.

या पत्राला उत्तर नको.
काजल